गाडीत पाच जण

प्रिय स्वानंदी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आधी मेसेज लिहून पाहिला, पण अंगठ्याने मनातलं उतरत नाही आणि तो फोन मध्येच स्वतःच्या मर्जीने शब्द बदलतो. शेवटी ध्रुवच्या चित्रकलेच्या वहीतली पानं मागून घेतली. जन्मभर पोस्टात नोकरी केलेली बाई, दुसरं करणार काय? सासूचं पत्र आलं म्हणून तुझ्या छातीत धडधडायला नको, ती धडधड सध्या माझ्याकडे भरपूर आहे. ट्रलीच्या हॉस्पिटलात जे कानांवर पडलं, त्यातून मी अजून बाहेर आलेली नाही. आज सकाळी दात घासले, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन घासले. हे म्हणाले, “अगं, आत्ताच तर घासले ना तू?” मी त्यांच्याकडे बघत राहिले. घासले असतील.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी मला न भेटता ट्रेनने निघून गेलीस, तेही मी सहन केलं. पण तू आता मला टाळणार आणि मी नागपूरला जाऊन बसल्यावर हे असंच संपून जाणार, ही भीती काही केल्या जात नाही. म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढते. तू तिथे होतीस हे खरं, पण तू तुझ्या जागेवरून पाहिलंस. मी माझ्या जागेवरून काय पाहिलं ते तुला कुठे माहीत आहे?

मला खरं तर इंग्लंड बघायचं होतं. आमच्या पोस्टात बारटक्के साहेबांच्या टेबलामागे एक कॅलेंडर होतं. दगडी घरं, खिडक्यांखाली फुलं आणि दोन कुंपणांमधून जाणारा एक अरुंद रस्ता. साल उलटून गेलं तरी मी ते काढू दिलं नव्हतं. त्या रस्त्यावरून गाडीने जायचं, एवढी एकच हौस मी तुला फोनवर बोलून दाखवली होती आणि तू ती लक्षात ठेवलीस. मग व्हिशाचा तो तमाशा झाला. आम्हा म्हाताऱ्यांना आयर्लंडच्या व्हिशावर इंग्लंडात जायची मुभा, आणि आम्हाला फिरवणाऱ्या इंद्रनीलला मात्र तिथला वेगळा व्हिसा लागतो, हे त्याला बोटीची तिकिटं काढल्यावर कळलं! इतकी वर्षं परदेशात राहून हा हुशार मुलगा स्वतःचाच व्हिसा विसरला. वऱ्हाड तयार आणि नवराच घरी. तूच म्हणालीस, “आई, केरीला जाऊ, इथल्या इथे आयर्लंडमध्येच. रस्ते तसेच आहेत, उलट अजून अरुंद आहेत.” तसेच होते गं. कॅलेंडरातला रस्ता मला तुझ्यामुळे दिसला, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी रागावणार आहे.

काय मजेत निघालो होतो आपण! इंद्रनील गाडी चालवायला, हे त्याच्या शेजारी, हातात नकाशा. फोन रस्ता सांगत असताना ह्यांना नकाशा कशाला हवा होता, ते देव जाणे. मागे खिडकीशी ध्रुव त्याच्या उंच सीटवर, दुसऱ्या खिडकीशी मी आणि मध्ये तू. गावाबाहेर पडल्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवतो, हे ह्यांच्या लक्षात आलं आणि मग ह्यांनी प्रत्येक गाडीला दोन्ही हात जोडून नमस्कार सुरू केला. एक ट्रॅक्टरवाला तर थांबलाच बिचारा, काही मदत हवी का विचारायला. “ही वॉज ओन्ली सेइंग हॅलो, आबा!” म्हणून ध्रुव हसून हसून वाकडा झाला. मेंढ्यांच्या पाठीवर लाल-निळे डाग बघून मी म्हटलं, ह्या रंगपंचमी खेळून आल्या वाटतं, तर त्यावरही तू किती हसलीस. आणि वळण आलं की मी डोळे मिटायची आणि तू माझा हात धरायचीस. मी सांगितलं नव्हतं. पहिल्याच घाटात धरलास आणि मग प्रत्येक वळणावर धरत गेलीस. मी मनात म्हटलं, पद्मजा, पोटची मुलगी नाही म्हणून फार झुरलीस, बघ, मिळाली.

डिंगलच्या त्या मुक्कामाच्या घरी सकाळी लवकर उठून खाली आले, तर इंद्रनील दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपलेला. मालकीणबाई त्याच्या अंगावर पांघरूण घालत होत्या. मला म्हणाल्या, “ही इज ग्रँड, ही इज ग्रँड.” ग्रँड म्हणजे इथे नुसतं ‘ठीक आहे’. मी विचारलं तर हा म्हणाला, स्वानंदी घोरते. मी तुझ्याकडे बघितलं, तू मान खाली घालून टोस्टला लोणी लावत होतीस. मला वाटलं, लाजलीस. मग मी भर टेबलावर, घोरण्यावर आल्याचा रस कसा घ्यायचा ते तुला समजावत बसले! आता आठवलं की कानशिलं तापतात माझी.

त्याच दिवशी आपण कॉनर पास ओलांडत होतो. खिंडीवरून उतरताना तो धबधबा लागला आणि इंद्रनीलला फोटोची लहर आली. ओल्या खडकावर चढला, पाय घसरला आणि मनगटावर पडला. हात बघूनच कळत होतं की मोडला. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, स्वानंदी, तू घे गाडी, तू तर काय छान चालवतेस. आणि तू जागची हलेनास. “आई, मी ह्या गाडीच्या इन्शुरन्सवर नाहीये आता,” म्हणालीस. ह्या देशात ज्याचं नाव त्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये आहे त्यानेच ती चालवायची, हे तू मला तिथे उभं राहून समजावलंस आणि मला तुझा संताप आला. नवऱ्याचा हात लोंबतोय आणि हिला इन्शुरन्स सुचतोय! मी तसं बोललेही. नवऱ्याच्या गाडीवर बायकोचं नाव का नसावं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. हे नकाशाची घडी घालत राहिले. इंद्रनीलने डोळे मिटून घेतले. ध्रुवसुद्धा बुटाने खडे उडवत राहिला. तू सगळ्यांकडे एकदा बघितलंस आणि किल्ली घेतलीस.

इंद्रनीलला मागे आडवं टेकवून हे आणि ध्रुव त्याच्याजवळ बसले, म्हणून मी पुढे आले. डावीकडे दरी, थेट माझ्या दाराखाली. रस्ता एका गाडीपुरता. एका ठिकाणी समोरून गाडी आली आणि तू आपली गाडी अगदी कडेला घेऊन थांबवलीस. मी डोळे मिटले. तेव्हा तुझा डावा हात आला आणि माझ्या हातावर बसला. थंडगार पडला होता. समोरची गाडी निघून गेल्यावरही तू तो क्षणभर तसाच ठेवलास आणि मग गिअर टाकलास. मागच्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आणि मग ट्रली. इंद्रनीलला व्हीलचेअरवर बसवलं, हे त्याच्याजवळ थांबले, तू खिडकीशी त्याची माहिती द्यायला गेलीस. मी ध्रुवला घेऊन पाण्याची बाटली आणायला त्या मशीनपाशी गेले. कुठलं बटण दाबायचं ते कळेना, म्हणून तुला विचारायला परत फिरले आणि तुझ्या पाठीशी येऊन उभी राहिले. तुला कळलं नाही. खिडकीतली ती बाई किती गोड हसून विचारत होती, “अँड यू आर द वाईफ, लव्ह?” तू काचेजवळ वाकलीस. मग हळू आवाजात म्हणालीस, “नो. वी आर सेपरेटेड. सिन्स लास्ट इयर.”

स्वानंदी, इंग्रजी मला समजतं. तरी मी ते वाक्य मनात मराठीत करून पाहिलं, म्हटलं आपलं चुकत असेल. वेगळे झालोय, गेल्या वर्षापासून. पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. माझ्या हातातली पर्स खाली पडली आणि तू वळून बघितलंस. तुझा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. ध्रुवने माझा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाला, “आजी, यू वेअरन्ट सपोज्ड टू नो.” आठ वर्षांचं पोर. तुला कळायचं नव्हतं, असं मला सांगतंय. तोसुद्धा तालमीला होता तर!

मी खुर्चीवर बसले की बसवली गेले, आठवत नाही. हे आले, शेजारी बसले. मी म्हटलं, अहो, ऐकलंत का, ही काय म्हणतेय? हे टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “मला माहीत होतं, पद्मा.” पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तशी ती तेव्हा सरकली, आधी नव्हे. तुमचं मोडलं हा एक धक्का, आणि हे जाणून होते हा दुसरा. गेल्या वर्षी मला स्टेंट बसवला तेव्हाच म्हणे इंद्रनीलने ह्यांना फोन करून सांगितलं होतं, आणि ह्यांनीच त्याला बजावलं, आईला इतक्यात कळू द्यायचं नाही, तिला सोसणार नाही. मग आमची तिकिटं निघाली आणि ते ‘इतक्यात’ लांबत गेलं. ज्या माणसाला स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हे सांगावं लागतं, त्याने वर्षभर माझ्याशेजारी झोपून हे पोटात ठेवलं! विचारलं तर म्हणतात, “सांगितलं असतं तर तू बीपी वाढवून बसली असती.” आता काय कमी वाढलं?

म्हणजे गाडीत आपण पाच जण, त्यातल्या चौघांना माहीत होतं. मी एकटी खिडकीतून मेंढ्या बघत होते. मला तुमचा राग आला, स्वानंदी. अजून आहे. तुमचं पटलं नाही ह्याचा नाही. ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला काचेचं भांडं ठरवलंत, ह्याचा राग आहे. हृदयात एक स्टेंट आहे माझ्या, बाकी हृदय अजून शाबूत आहे. त्यात सासूबाईंचं आजारपण मावलं, ह्यांची नोकरी गेली तेव्हाचे दिवस मावले, मग तुमचं दुःख मावलं नसतं? निदान विचारायचं तरी.

आणि लाज वाटते ती वेगळीच. धरमपेठेतल्या आमच्या मंडळाची नाटकं कोण बसवायचं? मी. नट विंगेत उभा असताना कसा उभा आहे, त्यावरून त्याचं पाठांतर झालंय की नाही ते मी सांगायची. आणि माझ्यासमोर, माझ्याच मुलाच्या स्वयंपाकघरात सहा आठवडे नाटक चाललं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता सगळं दिसतं. तू आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही मंगळसूत्र घालत नव्हतीस आणि इथे डब्लिनमध्ये रोज घालून वावरत होतीस. मी मंडळातल्या मुक्ताला फोन करून सांगितलं, बघ, माझी सून परदेशात राहूनही कशी वागते. दिग्दर्शक म्हणून मला कळायला हवं होतं, वेषभूषा इतकी नेटकी असते तेव्हा काहीतरी लपवायचं असतं. आठवड्यातून दोनदा तुझं ऑफिसचं काम रात्रभर चालायचं आणि तू सकाळी ताजीतवानी होऊन यायचीस. तुझी कंगवा-ब्रशची पिशवी कधी बाथरूममध्ये राहिली नाही, रोज बॅगेत परत जायची. आणि तो पहिला दिवस! आम्ही विमानतळावरून आलो, तू चहा ठेवलास आणि कप शोधायला एक प्रेस उघडलीस, मग दुसरी, मग तिसरी. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे ध्रुवने मला तेव्हाच शिकवलं, म्हणून चांगलं लक्षात आहे. तू म्हणालीस, इंद्रनीलने सगळं हलवून ठेवलंय. मी लगेच त्याला झापलं, बायकांच्या कारभारात कशाला हात घालतोस म्हणून. त्याने ऐकून घेतलं. काय करणार? वाक्यच नव्हतं त्याच्याकडे.

चूक कुणाची, हे मी विचारणार नाही. विचारायचं फार मनात आहे, खोटं कशाला सांगू? परवा इंद्रनीलच्या प्लास्टरवरून हात फिरवताना अगदी ओठांवर आलं होतं. तोच म्हणाला, “आई, ती वाईट नाही. मीही नाही. एवढंच धर.” एवढंच धरलंय, जड जातंय. त्याचा मित्र यशोधन ट्रेनने ट्रलीला आला, इन्शुरन्समध्ये त्याचं नाव घालून घेतलं आणि त्याने आम्हाला घरी आणलं. रस्ताभर हिरवंगार होतं म्हणे. मी बघितलं नाही. यशोधनलाही माहीत होतं, हे सांगायला नकोच.

तुझ्या जागेवर मध्ये ध्रुव बसला होता. वळण आलं, माझे डोळे मिटले, हात सवयीने बाजूला गेला आणि त्याच्या गुडघ्यावर पडला. तो म्हणाला, “डू यू वॉन्ट मॅम?” इथली पोरं आईला मॅम म्हणतात. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून एकच गोष्ट कुरतडते आहे. कप शोधणं नाटक होतं, मंगळसूत्र नाटक होतं, घोरणं नाटक होतं. मग मागच्या सीटवर धरलेला हात? रविवारी माझ्या केसांना तेल लावत बसायचीस, ते? मी इथे बसून एकेक प्रसंग उचलून बघते आणि खरा कुठला, खोटा कुठला ते लावत बसते. शेवटी येऊन थांबते ती कॉनर पासच्या त्या कडेला. तेव्हा मागचे तिघे त्यांच्या काळजीत होते, बघायला कुणी नव्हतं. मी डोळे मिटले होते, म्हणजे प्रेक्षकही नव्हता. त्यातून काही वेळापूर्वीच मी तुला नको ते बोलले होते. बिनइन्शुरन्सची गाडी तुझ्या हातात, नवरा म्हणावा असा नवरा राहिलेला नाही, सासूने भर रस्त्यात अपमान केलेला, आणि तुझा हात आला तो माझ्याकडे. मी पुष्कळ नट बघितलेत. तसला हात तालमीत बसत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुझा पत्ता मी इंद्रनीलला विचारला नाही, ह्यांनाही नाही. ध्रुवला विचारला. त्याने एअरकोडसकट, म्हणजे इथल्या पिनकोडसकट, घडाघडा म्हणून दाखवला, आणि लगेच ह्या घराचाही म्हटला, पाढे म्हणावेत तसे. दोन्ही पाठ आहेत त्याला. इथे माझा धीर सुटला, पण त्याच्यासमोर नाही. पत्र आज टाकते आहे. हिरवा कोट घातलेली पोस्टातली बाई म्हणाली, उद्या मिळेल. शनिवारी ध्रुवला तुझ्याकडे सोडायला इंद्रनील येणार नाही, मी येणार आहे. बसने, ध्रुव मला नेणार आहे. मंगळसूत्र घालू नकोस, मानेला रुततं तुला, दर थोड्या वेळाने हात जातो तिथे, मी बघितलंय. घर आवरू नकोस. सॉरीही म्हणू नकोस, एकदा ह्यांच्याकडे निरोप ठेवलास तेवढं पुरे. कागदांवर तुमचं काय व्हायचं ते होवो, मी त्यात पडणार नाही. मला फक्त तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचंय आणि तू चहा ठेवून, मागे न बघता, माझ्याशी बोलता बोलता, हात लांब करून नेमक्या प्रेसमधून कप काढताना बघायचंय. दोन कप. एवढं दाखव, मग मी नागपूरला जाईन.

तुझीच,
आई